विश्लेषण : केबिनमध्ये ‘दोन मित्र’, आजारपणात कोणीच नाही? क्रूझवर जाणाऱ्या समलिंगी जोडप्यांनी काय तपासावे?

मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या वाटेवर डोंगरी आहे. इथल्या कोळी आणि ईस्ट इंडियन घरांत ‘बोट’ म्हटले की आधी मासेमारी आठवते, नाहीतर नोकरी. बोटीवर सुट्टी घालवायची, ही कल्पना अलीकडची. पण आता तीही आवाक्यात आली आहे. भाईंदर स्थानकापर्यंत बस, तिथून चर्चगेटची लोकल, पुढे टॅक्सीने बॅलार्ड पिअर, की गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जाणारे जहाज समोर उभे. या जहाजांवर कुटुंबे असतात, मधुचंद्राला निघालेली जोडपी असतात, कार्यालयातले गट असतात आणि समलिंगी जोडपीही असतात. मात्र प्रवाशांच्या यादीत त्यांची नोंद ‘मित्र’ किंवा ‘मैत्रिणी’ अशी होते. ही नोंद प्रवास सोपा करते, पण अडचणीच्या वेळी तीच अंगाशी येऊ शकते. म्हणून तिकीट काढण्याआधी काय तपासावे आणि मुळात काय बदलायला हवे, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

गेल्या सात-आठ वर्षांत दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीने घडल्या. पहिली कायद्यातली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेले नाही. दुसरी गोष्ट समुद्रावरची. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. पाच वर्षांत देशातील क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे.

म्हणजे ज्या वर्षांत समलिंगी जोडपी कायद्याच्या भीतीतून बाहेर आली, त्याच वर्षांत क्रूझ मध्यमवर्गाच्या खिशाला परवडू लागली. साहजिकच नव्या ग्राहकांत हा वर्गही आला. त्याच्यासाठीची माहिती मात्र बहुतेक इंग्रजीत आणि अमेरिकी किंवा युरोपीय प्रवाशाला समोर ठेवून लिहिलेली असते. त्या प्रवाशाच्या लग्नाला त्याच्या देशात मान्यता असते. डोंगरीहून निघालेल्या जोडप्याला तो आधार नाही. त्यामुळे त्याच्यासाठीचा सल्लाही वेगळा असायला हवा.

केबिन मिळण्यात अडचण येते का?

सहसा नाही. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी एक केबिन घेण्यात भारतीय नजरेला काही वावगे वाटत नाही. वसतिगृहापासून लॉजपर्यंत हे सर्वांच्या सवयीचे आहे. उलट लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांकडेच जास्त चौकशी होते. क्रूझचे दर बहुधा ‘एका केबिनमध्ये दोघे’ या हिशेबाने असतात आणि एकट्याने केबिन घेतली तर दुसऱ्या माणसाच्या भाड्याचा मोठा भागही भरावा लागतो. त्यामुळे दोन मित्रांनी केबिन वाटून घेणे कंपनीच्याही अंगवळणी पडलेले आहे.

प्रश्न येतो तो पलंगाचा. बहुतेक केबिनमध्ये दोन सुटे पलंग असतात आणि ते जोडून एक करता येतात. दोन पुरुषांची नावे दिसली की कर्मचारी ते सुटेच ठेवतात. पहिल्या दिवशी दारात उभे राहून हे सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर आरक्षण करतानाच ‘एक मोठा पलंग’ असे लेखी कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे. या एका ओळीच्या उत्तरातून कंपनीचा एकूण रोखही कळतो. सरळ ‘होय’ आले तर ठीक. टाळाटाळ झाली किंवा उलट प्रश्न आले, तर पैसे भरण्याआधीच पुनर्विचार करता येतो.

जहाजावर कोणाचा कायदा चालतो?

किनारा सुटला की कायदाही सुटला, हा मोठा गैरसमज आहे. जहाज ज्या देशात नोंदलेले असते, ज्या देशाचा झेंडा लावते, त्या देशाचा कायदा खुल्या समुद्रात त्याच्यावर चालतो. जगातली बहुतेक क्रूझ जहाजे बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली असतात. जहाज कंपनी अमेरिकेची, प्रवासी मुंबईचे आणि झेंडा बहामाचा, असे चित्र नेहमीचे आहे. भारतात नोंदलेले जहाज असेल, तर ते जगात कुठेही असले तरी भारतीय न्याय संहिता त्यावर लागू होते.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा पट्टा त्या त्या देशाचा सागरी प्रदेश असतो. तिथून नुसत्या जाणाऱ्या जहाजावरच्या गुन्ह्यांत किनाऱ्यावरचा देश सहसा मर्यादितच हस्तक्षेप करतो. पण जहाज बंदराला लागले की स्थानिक पोलिसांचा अधिकार पूर्ण असतो, अगदी केबिनच्या बाल्कनीपर्यंत.

याचा धडा २०१२ मध्ये कॅरिबियन बेटांतील डॉमिनिका इथे मिळाला. समलिंगी प्रवाशांसाठी भाड्याने घेतलेले जहाज बंदराला लागलेले असताना बाल्कनीतील वर्तनावरून दोन अमेरिकी पुरुषांना अटक झाली आणि अश्लील वर्तनाबद्दल दंड भरून त्यांना परतावे लागले. उघड्यावरचे तसे वर्तन कोणाचेही असले तरी गैरच, हे मान्य. पण त्या वेळी त्या बेटावर समलिंगी संबंध हाच गुन्हा होता. तिथल्या उच्च न्यायालयाने तो कायदा एप्रिल २०२४ मध्ये रद्द केला.

बंदर बदलले की काय बदलते?

मुंबई-गोवा-कोची-लक्षद्वीप या देशांतर्गत मार्गावर समलिंगी असणे वा जोडीने फिरणे कुठेही गुन्हा नाही. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो, तो सर्वांनाच. तिथल्या बेटांवर समाज छोटा आणि परंपरा जपणारा आहे, तेव्हा किनाऱ्यावर संयम पाळावा. हा सल्ला मधुचंद्राच्या जोडप्यालाही तितकाच लागू आहे.

खरी काळजी परदेशी मार्गांवर घ्यावी लागते. भारतीयांच्या आवडीची सिंगापूरची क्रूझ घेऊ. सिंगापूरने कलम ३७७अ २०२२ मध्ये संसदेत रद्द केले. पुढचे बंदर पेनांग, लांगकावी किंवा पोर्ट क्लांग, म्हणजे मलेशिया. तिथे अशा संबंधांसाठी २० वर्षांपर्यंत कैद आणि फटक्यांची तरतूद आजही दंडसंहितेत आहे. त्यानंतर फुकेत, म्हणजे थायलंड. तिथे २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहच कायदेशीर आहे. चार-पाच दिवसांच्या एकाच सहलीत तेच दोघे आधी निर्दोष, मग गुन्हेगार आणि शेवटी विवाहयोग्य ठरतात.

गंमत म्हणजे मुंबई, सिंगापूर आणि पेनांग इथल्या दंडसंहितांचे मूळ एकच. इंग्रजांनी १८६० मध्ये भारतासाठी दंडविधान केले आणि त्याचाच साचा आपल्या आशियाई वसाहतींत नेला. श्रीलंकेतील कलम ३६५ आणि ३६५अ त्याच घराण्यातील असून ती अजून कायद्याच्या पुस्तकात आहेत. मालदीवमध्येही समलिंगी संबंध गुन्हा आहे. दुबई-अबुधाबी-दोहा ही हिवाळ्यातील क्रूझ महाराष्ट्रातून जाणाऱ्यांत लोकप्रिय आहे. संयुक्त अरब अमिराती आणि कतार या दोन्ही देशांत असे संबंध गुन्हाच धरले जातात.

जगात साठहून अधिक देशांत आजही हीच स्थिती आहे आणि ती सतत बदलत असते. त्रिनिदादच्या न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते. मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. उलट सेंट लुशियात जुलै २०२५ मध्ये असाच जुना कायदा रद्द झाला. म्हणून दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचे ‘काही होत नाही’ हे शब्द पुरेसे समजू नयेत. तिकीट काढताना प्रत्येक बंदराचे नाव लिहून त्या देशाचा आजचा कायदा तपासावा.

याचा अर्थ असे मार्ग टाळावेतच, असा नाही. बहुतेक समलिंगी पर्यटक या देशांत जाऊन सुखरूप परततात, कारण पाहुण्यांच्या खोलीत डोकावण्याची पोलिसांना सहसा हौस नसते. पण धोका किती आणि तो पत्करायचा की नाही, हा निर्णय माहिती घेऊन व्हायला हवा. ज्या बंदरात उतरण्याची इच्छा नाही, तिथे दिवसभर जहाजावरच थांबण्याची मुभा साधारणपणे असते. त्या दिवशी जहाजावर गर्दी नसते, हा वरचा फायदा.

केवळ समलिंगी प्रवाशांची क्रूझ कितपत सुरक्षित?

अमेरिकेत हा व्यवसाय चाळीसेक वर्षांचा आहे. १९८० च्या दशकात आरएसव्हीपी या कंपनीने संपूर्ण जहाज भाड्याने घेऊन समलिंगी प्रवाशांच्या सहली सुरू केल्या. १९७३ मध्ये स्त्रियांची ध्वनिमुद्रण संस्था म्हणून सुरू झालेल्या ऑलिव्हियाने १९९० पासून समलिंगी स्त्रियांसाठी क्रूझ काढल्या. पुढे ॲटलांटिस या कंपनीने हजारो प्रवाशांची अवाढव्य जहाजेही भरून दाखवली. अशा जहाजावर जोडीदाराचा हात धरण्यापूर्वी आजूबाजूला पाहावे लागत नाही, हे त्याचे मोठे सुख.

पण अख्खे जहाजच ‘ओळखू येणारे’ असले की बंदराचा दरवाजा बंद होण्याची शक्यताही वाढते. १९९८ मध्ये केमन बेटांनी सुमारे ९०० समलिंगी प्रवाशांच्या जहाजाला येण्यास नकार दिला. २००० मध्ये तुर्कस्तानातील कुशादासी बंदरात अशाच प्रवाशांना अडवण्यात आले. २०१२ मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका हा थांबा गाळावा लागला. सर्वसाधारण जहाजावरचे दोन पुरुष कोणाच्या नजरेत येत नाहीत, तर दोन हजार पुरुषांचे जहाज लगेच बातमी होते.

मधला मार्गही आहे. आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या सर्वसाधारण जहाजांवर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत समलिंगी प्रवाशांच्या अनौपचारिक भेटीची वेळ छापलेली असते. पूर्वी ती ‘फ्रेंड्स ऑफ डोरोथी’ अशा सांकेतिक नावाने छापली जाई, आता थेट ‘एलजीबीटीक्यू’ असे लिहितात. एकट्याने जाणाऱ्याला ओळखी करून घ्यायला ही चांगली जागा आहे. अशी भेट ठेवली जाते का, हे आरक्षणाआधी विचारावे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांनीही संध्याकाळचा एक तास आणि एक टेबल यासाठी राखायला हरकत नसावी. त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

जहाजावर लग्न करता येते का?

चित्रपटांत कप्तान लग्न लावतो. प्रत्यक्षात हेही झेंड्यावरच ठरते. माल्टाने २०१७ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि जानेवारी २०१८ मध्ये माल्टात नोंदलेल्या ‘सेलिब्रिटी इक्विनॉक्स’वर दोन पुरुषांचे लग्न कायदेशीररीत्या लागले. बर्म्युडात मात्र या प्रश्नावर कायदे आणि निकाल उलटसुलट होत राहिले आणि २०२२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तिथली विवाहबंदी उचलून धरली.

भारतीय जोडप्याने हे लक्षात ठेवावे की समुद्रावर मिळालेल्या त्या प्रमाणपत्राला मुंबईत उतरल्यावर कायदेशीर किंमत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगून तो निर्णय संसदेवर सोपवला. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. समारंभ, आठवण, छायाचित्रे यांसाठी जहाजावरचे लग्न जरूर करावे. मात्र त्याच्या भरवशावर विमा, वारसा किंवा इस्पितळातील हक्क गृहीत धरू नये.

मग खरा पेच कुठे आहे?

आजारपणात. समजा, कोचीच्या वाटेवर रात्री एकाच्या छातीत कळ येते. जहाजावरचा दवाखाना प्राथमिक उपचार करतो आणि त्याचे पैसे आकारतो. प्रकृती गंभीर असेल तर पुढच्या बंदरात रुग्णाला उतरवले जाते. इस्पितळाच्या अर्जात ‘निकटचा नातेवाईक’ असा रकाना असतो. केबिनमधल्या माणसाला ‘तुम्ही कोण?’ असे विचारले जाते. तो ‘मित्र’ म्हणतो. मग घरच्यांना फोन लावले जातात. हे घरचे कदाचित वर्षानुवर्षे बोलत नसतील, कदाचित त्यांना या नात्याचा पत्ताही नसेल. बारा वर्षे एकाच छताखाली राहिलेला माणूस बाहेरच्या बाकावर बसतो आणि सही करायला दुसऱ्या दिवशी विमानाने येणाऱ्या चुलत्याची वाट पाहिली जाते.

इथे ‘दोन मित्र’ या सोयीची किंमत कळते. ज्या अदृश्यतेमुळे केबिन विनासायास मिळाली, तीच अदृश्यता जोडीदाराला दाराबाहेर ठेवते. लग्नाची मान्यता नसली तरी काही कागद हे अंतर कमी करू शकतात. ते असे :

आपत्कालीन संपर्क : आरक्षणाच्या अर्जात दोघांनी एकमेकांची नावे द्यावीत, शिवाय किनाऱ्यावरचा एक विश्वासू माणूसही. दोघेही जहाजावर असतील तर तिसरे नाव हवेच.

लिव्हिंग विल : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांबाबत आपल्या वतीने कोणी बोलावे, त्याचे नाव त्यात देता येते. मानसिक आजारासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणाही प्रौढ व्यक्तीला प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आहे. ती व्यक्ती रक्ताच्या नात्याचीच हवी असे बंधन नाही.

संमतीचे पत्र : ‘माझ्या उपचारांची माहिती या व्यक्तीला द्यावी, तिला भेटू द्यावे’ असे सही केलेले पत्र दोघांनी जवळ ठेवावे. साध्या मुखत्यारपत्रावर सगळी भिस्त ठेवू नये. देणारा शुद्धीवर नसेल तेव्हा त्याचा कायदेशीर आधार दुबळा होतो आणि नेमका तेव्हाच तो लागतो. म्हणून एकदा वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रवास विमा : समुद्रावरून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे पाहावे. नामनिर्देशित व्यक्ती म्हणून जोडीदाराचे नाव चालते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. बँक खात्यात असे नामनिर्देशन आणि संयुक्त खाते करण्यास अडसर नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

औषधे : नेहमीची औषधे, एचआयव्हीवरील किंवा त्याच्या प्रतिबंधाची औषधे असतील तर तीही, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. चार दिवसांच्या सहलीला आठ दिवसांचा साठा असावा. आखाती देशांत काही औषधांना आधी परवानगी लागते.

ट्रान्सजेंडर प्रवाशांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तिकीट, आधार आणि पारपत्र यांवरील नाव व लिंगनोंद एकसारखी असावी. नसेल तर ओळखपत्राची प्रत सोबत ठेवावी आणि कंपनीला आधी कळवावे.

ओळखीचे लोक, छायाचित्रे आणि ॲप

परदेशी सल्ल्यात न आढळणारा धोका म्हणजे शेजारी. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर मुंबई-ठाण्याचीच माणसे असतात. डोंगरी-उत्तनसारख्या गावात एकमेकांना नावाने ओळखतात. चर्चमध्ये, बाजारात, लग्नात तीच माणसे भेटतात. समुद्रात सगळे अनोळखी असतील, हा हिशेब इथे चुकतो.

जहाजावरचे छायाचित्रकार जेवणाच्या टेबलावर, जिन्यावर, डेकवर फोटो काढतात आणि विक्रीसाठी सर्वांना दिसतील असे लावतात, काही ठिकाणी फलकावर तर काही ठिकाणी पडद्यावर. घरी सांगितलेले नसेल, तर छायाचित्रकाराला तिथेच नम्रपणे नकार द्यावा, काढलेला फोटो काढून टाकायला सांगावा. इतरांच्या रील्समध्ये आपण मागे दिसतो, याचेही भान ठेवावे.

समलिंगी ओळखींसाठीची ॲप वापरताना जास्त सावध राहावे. अशा ॲपवरून बोलावून लुटण्याचे, बदनामीची धमकी देऊन पैसे उकळण्याचे गुन्हे भारतात अनेकदा नोंदले गेले आहेत. किनाऱ्यावर उतरल्यावर अनोळखी माणसाला निर्जन ठिकाणी भेटू नये आणि परतीची वेळ केबिनमधल्या जोडीदाराला किंवा मित्राला सांगून जावे. जहाज कोणासाठी थांबत नाही. जिथे हे संबंध गुन्हा आहेत, अशा बंदरात उतरण्याआधी ॲप फोनमधून काढून टाकावे. धमकी आलीच तर पैसे देऊ नयेत, संदेश जपून ठेवावेत आणि तक्रार करावी. भारतात समलिंगी असणे गुन्हा नाही, खंडणी हा गुन्हा आहे.

भेदभाव झाला तर दाद कुठे?

आधी जहाजावरच्या स्वागतकक्षात लेखी तक्रार द्यावी आणि प्रत मागून घ्यावी. परतल्यावर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे डोंगरीच्या रहिवाशाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही, ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. मात्र परदेशी कंपनीच्या तिकिटामागच्या बारीक अटींत दाव्यासाठी दुसऱ्या देशाचे न्यायालय नेमलेले असते. त्या अटी पैसे भरण्याआधी वाचाव्यात.

हा मार्ग सेवेतील त्रुटीचा आहे, भेदभावाचा नाही. खासगी कंपनीने लैंगिक कलावरून ग्राहकाला वेगळी वागणूक देऊ नये, असे सांगणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींना २०१९ च्या कायद्याने भेदभावापासून संरक्षण दिले आहे. समलिंगी स्त्री-पुरुषांसाठी तशी तरतूद नाही. सल्ला, समुपदेशन किंवा कायदेशीर मदतीसाठी १९९४ पासून मुंबईत काम करणारी हमसफर ट्रस्ट या संस्थेकडे जाता येते.

काय बदलायला हवे?

वर दिलेली सगळी सावधगिरी प्रवाशाने घ्यायची आहे. इतरांना जिथे एक बॅग भरून निघता येते, तिथे या जोडप्याने कागदांची फाइल बाळगायची, यात न्याय नाही. निदान देशांतर्गत प्रवासात तरी हा भार हलका करणे शक्य आहे आणि त्यासाठी संसदेच्या निर्णयापर्यंत थांबण्याची गरज नाही.

दिशा दिसू लागली आहे. सुप्रियो निकालानंतर केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, यासाठी आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवले. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, कुटुंब केवळ विवाहातूनच होते असे नाही, निवडलेले कुटुंबही कुटुंबच, असे नमूद केले. पण मृत्यूनंतर मिळणारा अधिकार आजारपणात मिळू नये, हे विचित्र आहे. पार्थिवावर ज्याचा हक्क मानायचा, त्याला अतिदक्षता विभागाच्या दारात परके ठरवण्याचे कारण काय?

मुंबईहून जहाजे चालवणाऱ्या कंपन्या दोन गोष्टी उद्यापासून करू शकतात. आरक्षणाच्या अर्जात सहप्रवाशाचे नाते विचारतात तिथे ‘पती/पत्नी’, ‘मित्र’ यांच्या जोडीला ‘जोडीदार’ हा पर्याय ठेवावा. आणि आजारपणात प्रवाशाने ज्याचे नाव दिले आहे त्यालाच आधी कळवले जाईल, जहाजावरच्या दवाखान्यात त्याला सोबत राहू दिले जाईल, हे लेखी धोरण म्हणून जाहीर करावे. यातून कोणाचे लग्न लागत नाही, कोणता कायदा मोडत नाही आणि लग्न न केलेल्या स्त्री-पुरुषांना, एकमेकींच्या आधाराने राहणाऱ्या विधवा मैत्रिणींनाही त्याचा उपयोग होतो. दरवर्षी १० लाख प्रवाशांचे स्वागत करायला निघालेल्या बंदराने आपल्या धक्क्यावरून जहाजे चालवणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा करणे गैर नाही.

ते होईपर्यंत डोंगरीच्या त्या दोघांनी क्रूझवर जरूर जावे. तिकिटाआधी बंदरांची यादी तपासावी, बॅगेत फाइल ठेवावी आणि अर्जातल्या नात्याच्या रकान्यात काय लिहायचे, हे घरातून निघण्यापूर्वीच एकमेकांशी बोलून ठरवावे.